हजारात ४ की हजारात १२७?

किती मुलांना लैंगिक अत्याचार सोसावा लागतो? २०११ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जगभरच्या २१७ शोधनिबंधांतली आकडेवारी एकत्र मांडली. डॉक्टर, शिक्षक अशा जाणकारांनी कळवलेली प्रकरणं मोजली, तर उत्तर हजारात ४ येत होतं. ज्यांच्यावर बेतलं त्यांनाच विचारलं, तर हजारात १२७. तिसापटीहून जास्त! यातला काही फरक काळाच्या हिशेबाचा आहे: कळवलेली प्रकरणं बहुधा एखाद्या वर्षातली असतात, आठवणी सगळ्या लहानपणाच्या. पण त्या १२७मध्ये अशीही मुलं आहेत, ज्यांचं दुखणं कुठल्याच मोठ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. मला त्यांचीच काळजी वाटते.

प्रकरण नोंदलं जाण्याआधी बरंच काही घडावं लागतं. चाललंय ते चूक आहे हे आधी स्वतःला कळावं लागतं, मग सांगायचा धीर व्हावा लागतो, ऐकणाऱ्याला ते खरं वाटावं लागतं आणि शेवटी कोणीतरी ते कागदावर उतरवून घ्यावं लागतं. २४ विकसनशील देशांतल्या पाहण्या तपासल्या, तेव्हा हिंसा सोसलेल्या १०० स्त्रियांपैकी ४० जणींनी कोणाजवळ तरी मन मोकळं केलं होतं. पोलीस, दवाखाना किंवा तशा एखाद्या संस्थेपर्यंत पोचलेल्या फक्त ७. वृद्धांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर ६ जणांतल्या एकाचा वर्षभरात छळ होतो, आणि २४ प्रकरणांतलं एखादंच उघड होतं. छळणाराच वेळेवर औषध आणून देणारा असेल, तर तक्रार कोणाच्या जिवावर करायची?

उलटही घडतं. १९६२ साली अमेरिकेत डॉ. हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवर निबंध लिहिला. लेकरू ‘पडलं’ म्हणून आणलेलं असायचं, आणि एक्स-रेमध्ये वेगवेगळ्या वेळी मोडून जुळत आलेली हाडं दिसायची. पुढच्या काही वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी असा संशय कळवण्याचे कायदे केले. १९७४मध्ये सुमारे ६० हजार प्रकरणं कळवली गेली. १९८०मध्ये दहा लाखांवर. सहा वर्षांत आईबाप सोळापट क्रूर झाले नव्हते. सांगायला जागा झाली होती.

खरं प्रमाण जाणायचं तर थेट विचारावं लागतं, आणि तेही जपून. ‘तुमच्यावर अत्याचार झाला का?’ या प्रश्नाला बहुतेक जण नाही म्हणतात, कारण स्वतःच्या घरातल्या गोष्टीला ते हा शब्द लावतच नाहीत. म्हणून सर्वेक्षणात कृती विचारतात. थोबाडीत मारली? ढकललं? गळा दाबला? जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये मांडलेल्या अभ्यासासाठी दहा देशांतल्या २४ हजारांवर स्त्रियांशी अशीच बातचीत झाली होती. घरटी एकीचीच मुलाखत, तीही एकांतात. मधेच कोणी आत आलं, की मुलाखत घेणारीने विषय बदलायचा, काही साध्यासुध्या आरोग्याच्या प्रश्नांकडे वळायचं आणि तो माणूस गेल्यावर पुन्हा हळूच मागे यायचं.

यातल्या बांगलादेशातल्या मुलाखतींत, नवऱ्याचा मार खाल्लेल्या दर तिघींपैकी दोघींनी त्या दिवसापर्यंत कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं.