चांदणी चौकाचा चढ आणि २५० वॅटची पाटी

आमच्या सोसायटीतले एक काका मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांनी ई-सायकल घ्यायचं मनावर घेतलं. रोज सकाळी पुण्यात कोथरूडहून बावधनला लेकीकडे जायचं, नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन १४ किलोमीटर. दोन-तीन दुकानं पालथी घालून ते माझ्याकडे आले, माहितीपत्रकांची चळत टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अरे, २८ हजारांच्या सायकलवर २५० वॅट लिहिलंय. ४५ हजारांच्या सायकलवरही २५० वॅटच. सव्वा लाखवालीवरही तेच! मग वरचे पैसे कशाचे घेतात? रंगाचे?"

काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. हा २५०चा आकडा कारखान्यातून नाही, कायद्यातून आलेला आहे. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशी सायकल 'मोटार वाहन' ठरत नाही. मग नोंदणी नको, लायसन्स नको, नंबरप्लेट नको. युरोपातही मर्यादा जवळपास याच आहेत. त्यामुळे प्रत्येक कंपनी पाटीवर तोच आकडा लिहिते. पण नियमातली गोम पुढच्या शब्दांत आहे. तिथे मोजली जाते ती '३० मिनिटांची शक्ती', म्हणजे मोटर तापून न बिघडता सलग अर्धा तास जेवढी शक्ती देऊ शकते तेवढी. चढावर मिनिट-दोन मिनिटं ती याहून बरीच जास्त देऊ शकते. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरपर्यंत प्रवाह सोडणारा कंट्रोलर असेल, तर गुणाकार करून पाहा. मोटरकडे ५४० वॅट जाऊ शकतात. पाटी सगळ्यांची एक, ताकद मात्र वेगवेगळी.

म्हणून मी काकांना म्हटलं, माहितीपत्रकं बाजूला ठेवा, आधी तुमचा रस्ता बघू.

कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडे निघालं की रस्ता चढायला लागतो. हिशेबासाठी चढ पाच टक्के धरू. म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की पाच मीटर वर. काका ७० किलो, सायकल २२, पाठीवरची पिशवी तीन, एकूण ९५. हे ओझं ताशी १५ किलोमीटरने वर न्यायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण १९५ वॅट लागतात, टायरच्या घर्षणाला ३० आणि हवेच्या विरोधाला २५. बेरीज झाली २५० वॅट. हाच वेग सपाट कर्वे रस्त्यावर ठेवायला जेमतेम ५५ वॅट पुरतात. आता माणूस किती देतो? रोज व्यायाम न करणारा, बऱ्या तब्येतीचा माणूस सलग तासभर पेडल मारून ७५ ते १०० वॅट काढतो. ९० धरले, तर काका त्या चढावर मोटरशिवाय ताशी सहा किलोमीटरने जातील. त्यापेक्षा उतरून सायकल हातात धरून चाललेलं बरं! मोटरने चाकाला १६० वॅटची भर घातली की मात्र तोच चढ १५च्या वेगाने निघतो, आणि गुडघे कुरकुरत नाहीत.

तेव्हा २५० वॅट कमी नाहीतच. प्रश्न एवढाच की ती शक्ती हळू फिरणाऱ्या चाकाला मिळते का.

मोटरचा एक स्वभाव आहे. ती किती जोर लावते हे तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहावर ठरतं, आणि तारांमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गानुसार वाढते. जोर दुप्पट हवा असेल तर प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट. पण चाक हळू फिरत असेल, तर त्या जोरातून निघणारं काम कमी. समजा, तेवढाच जोर लावून एकदा ताशी २४ने आणि एकदा ताशी आठने सायकल चालवली. उष्णता दोन्ही वेळा सारखीच निर्माण होईल, काम मात्र दुसऱ्या वेळी एक तृतीयांशच होईल. चढाच्या मध्यावर मोटर हाताला चटका देते ती यामुळे.

यावर उपाय म्हणजे चाक हळू फिरलं तरी मोटर भराभर फिरू द्यायची. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ मध्ये ई-सायकलचं पेटंट घेतलं, त्यात मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे चाकाच्या अगदी मधल्या भागात होती आणि मध्ये गिअर नव्हतेच. मोटरचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. आज आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक सायकलींमध्येही मोटर तुंब्यातच असते, तिला हब मोटर म्हणतात. पण तिच्या पोटात छोटी दातेरी चाकं असतात. अभियंते त्यांना ग्रहच म्हणतात, कारण ती मधल्या 'सूर्या'च्या चाकाला लागून बसवलेली असतात. ताशी २५च्या वेगाला २६ इंची चाक मिनिटाला २०० फेरे घेतं. या ग्रहमालेमुळे आतली मोटर हजाराच्या आसपास फिरते. ही झाली गिअरवाली हब मोटर. पुण्यासारख्या चढउतारांच्या शहरात पहिली सायकल घेणाऱ्याला मी हीच सुचवतो. गिअर नसलेली हब मोटर आवाज करत नाही, पण जड असते आणि बंद असताना पेडल मारलं की चाकाला धरून ठेवल्यासारखं वाटतं.

सव्वा लाखवालीत मोटर पेडलांपाशी असते. तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. ती साखळीतून जोर लावते, त्यामुळे सायकलचे गिअर तिलाही वापरता येतात. चढ आला, तुम्ही खालचा गिअर टाकलात, की मोटरचंही काम हलकं. डोंगरात राहणाऱ्यांसाठी किंवा दर रविवारी घाट चढणाऱ्यांसाठी ती उत्तमच, पण साखळी आणि मागचे दाते लवकर झिजतात. शिवाय दुकानात टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, एक तुलना फार बेमालूमपणे केली जाते. "हब मोटरचा टॉर्क ४० न्यूटन-मीटर, हिचा ८०, म्हणजे दुप्पट ताकद!" हब मोटरचे ४० थेट चाकाला मिळतात. मिड-ड्राइव्हचे ८० पेडलांच्या दांड्यावर मोजलेले असतात. पुढे ३८ दाते आणि मागे ११ असा वरचा गिअर असेल, तर चाकापर्यंत त्यातले २३च पोचतात. खालच्या गिअरमध्येच ती आपलं खरं रूप दाखवते.

टॉर्कचा आकडा किती हवा? काकांच्याच सोसायटीत तळघरातल्या पार्किंगमधून वर येणारा रॅम्प आहे. तो दहा टक्के धरला आणि पेडल न मारता, थांबलेल्या अवस्थेतून निघायचं म्हटलं, तर चाकाला साधारण ३३ न्यूटन-मीटर लागतात. ३५ ते ४५ न्यूटन-मीटरची हब मोटर हे काम करते. त्याहून कमी असेल तर पायांची साथ द्यावी लागेल, आणि त्यात काही बिघडत नाही.

आता सेन्सर. माहितीपत्रकात याबद्दल एखादीच ओळ असते, पण रोजच्या चालवण्यात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. स्वस्त सायकलींमध्ये पेडलच्या दांड्याजवळ चुंबक बसवलेली चकती असते. ती फिरली की मोटरला कळतं की माणूस पेडल मारतोय. किती जोराने मारतोय, हे तिला कळत नाही. माझी पहिली सायकल अशीच होती. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला मी गर्दीत हलकेच पाऊल फिरवलं, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग मोटर एकदम जागी होऊन तिने मला पुढच्या रिक्षाच्या बंपरवर नेऊन टेकवलं. रिक्षावाले दादा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. महागड्या सायकलींत टॉर्क सेन्सर असतो. पेडलवरच्या दाबाने दांड्याला जो सूक्ष्म ताण बसतो तो मोजून तो त्या प्रमाणात मदत मागतो. तुम्ही हळू, तर मोटरही हळू. पायांत अचानक बळ आल्यासारखं वाटतं. चकतीवाली सायकल घेऊ नका असं मी म्हणणार नाही, आठवड्याभरात सवय होते. पण ब्रेकचा दांडा दाबताच मोटर तोडणारा स्विच तिला आहे ना, ते दुकानात स्वतः तपासा.

थ्रॉटल, म्हणजे स्कूटरसारखी मूठ, सिग्नलवरून निघायला आणि गुडघा दुखेल त्या दिवशी उपयोगी. "स्पीड लॉक काढून देऊ का?" असंही काही दुकानांत विचारतात. नको म्हणा. २५ची मर्यादा ओलांडली की ती कायद्याने सायकल राहत नाही. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळंच लागतं आणि अपघात झाला तर तुमची बाजू लंगडी पडते.

बॅटरीकडे बघताना व्होल्ट वेगळे आणि अँपिअर-तास वेगळे वाचू नका, गुणाकार करा. ३६ व्होल्ट गुणिले ७.८ अँपिअर-तास म्हणजे २८० वॅट-तास. ही तुमची टाकी. डब्याच्या आत पेन्सिल सेलपेक्षा थोडे जाड आणि लांब असे लिथियम-आयन सेल असतात, १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे. दहा सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट होतात. अशा तीन रांगा म्हणजे ७.८, चार रांगा म्हणजे १०.४ अँपिअर-तास.

२८० वॅट-तासांत काय होतं, याची मला स्वतःलाच आवडलेली कल्पना अशी. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, सिंहगड १३०० मीटरवर. आपलं ९५ किलोचं ओझं नुसतं तेवढं उंच उचलायला साधारण १९० वॅट-तास लागतात, म्हणजे घरातला पंखा अडीच तास चालवायची वीज! घर्षण, हवा आणि मोटरचं तापणं यांची भर वेगळी.

शहरात, थांबत-निघत, नुसत्या थ्रॉटलवर चालवलं तर किलोमीटरला नऊ-दहा वॅट-तास जातात. २८०ची बॅटरी अशी २८-३० किलोमीटर चालते. निम्मं काम पायांनी केलं तर ५५-६०च्या आसपास. खोक्यावर छापलेली रेंज सपाट रस्ता, हलका माणूस आणि सर्वात कमी मदत धरून काढलेली असते, एवढं लक्षात ठेवा. काकांची रोजची गरज १४० वॅट-तास. २८० पुरेशी, कारण आज निम्मी शिल्लक राहते, त्यामुळे काही वर्षांनी तिची क्षमता घटली तरी भागतं. पूर्ण चार्जिंगला तूट धरूनही युनिटचा तिसरा हिस्सा लागतो. युनिट दहा रुपये धरलं तरी खर्च तीन-चार रुपये.

काकांच्या पार्किंगमध्ये प्लग नाही आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यामुळे बॅटरी काढून घरी नेता येणं ही अट मोटरच्याही वरची ठरली.

बॅटरी म्हटलं की माझी एक चूक सांगावी लागते. एका पावसाळ्यात मी सायकल जूनमध्ये जिन्याखाली लावली, बॅटरी जवळजवळ रिकामी, आणि ऑक्टोबरमध्ये आठवण झाली. रिकामा सेल पडून असतानाही थोडा थोडा उतरत राहतो. व्होल्टेज फारच खाली गेलं की आतल्या तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे साठून शॉर्ट होऊ शकतं. म्हणून बॅटरीतलं नियंत्रक सर्किट अशा सेलला चार्जच होऊ देत नाही. माझी बॅटरी तशीच गेली. महिनोन्महिने ठेवायची असेल तर निम्मी भरून, थंड जागी ठेवा. चालवून आल्यावर ती गार होऊ द्या, मग प्लग लावा. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे ४५ अंशांत सायकल उन्हात उभी करणाऱ्यांनी तर बॅटरी काढून सोबतच न्यावी.

आणि चार्जर तिचाच. भरलेली ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टवर थांबते, ४८ची ५४.६वर. पिन बसते म्हणून दुसऱ्याचा चार्जर लावणं म्हणजे आगीला आवतण. न्यूयॉर्क शहरात ई-सायकलींच्या बॅटऱ्यांनी इतक्या आगी लावल्या, की २०२३ पासून तिथे प्रमाणित नसलेल्या ई-सायकली विकायलाच बंदी आली.

ब्रेकबद्दल थोडक्यात सांगतो. पावसात रिमवर दाबणारे ब्रेक घसरतात, डिस्क ब्रेक घ्या. सायकल पावसात भिजली तर फारसं काही होत नाही, पण गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली ती कधीच धरू नका. पाणी जोडण्यांमध्ये शिरतं.

घेण्याआधी तीच सायकल, तुमच्याच वजनासह, तुमच्याच चढावर चालवून बघा. पार्किंगमधल्या दोन फेऱ्यांत सगळ्याच छान वाटतात. आणि एकदा मोटर बंद करून चालवा, कारण २२ किलोचं ते ओझं कधीतरी पायांवर येणारच.

काकांनी ४५ हजारवाली गिअरवाली हब मोटर निवडली, पण पैसे देण्याआधी दुकानातल्या मुलाला स्कूटरवर बरोबर घेऊन चांदणी चौकाच्या चढावर गेले. अर्धा चढ आरामात गेला. मग काका उतरले आणि सायकल ढकलत चालायला लागले. मुलगा घाबरून धावत आला.

"काय झालं काका? बॅटरी गेली का?"

"नाही रे. बटण मीच बंद केलंय. गेली तर किती ढकलावं लागेल, ते बघतोय."