जुनी शिडाची बोट, तिच्यावरचा संसार आणि सामानाची लांबलचक यादी

'१९८५ची ४२ फुटी बोट, मधला कॉकपिट, दोन केबिन. विंडव्हेन, वॉटरमेकर, सौर पॅनेल, लिथियम बॅटऱ्या, लाइफराफ्ट. किराणा भरा आणि निघा.' लांबच्या सफरीसाठी सजवलेल्या जुन्या कौटुंबिक बोटीची जाहिरात साधारण अशी असते. (कॉकपिट म्हणजे सुकाणूपाशी बसायची खोलगट जागा, विंडव्हेन म्हणजे वाऱ्याच्या जोरावर बोट हाकणारे साधन, वॉटरमेकर म्हणजे समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र, लाइफराफ्ट म्हणजे जीव वाचवायचा तराफा.) साल एकच छापलेले असते, ते हलचे, म्हणजे बोटीच्या मुख्य धडाचे. डोलकाठीच्या तारा कधीतरी नंतर बदललेल्या, शिडे त्याहून नवी, बॅटऱ्या अलीकडच्या आणि तळातल्या झडपा मात्र बहुधा मूळच्याच. एका किमतीत चार दशकांचे सामान पदरात पडते. कोणती वस्तू कोणत्या अडचणीपोटी बोटीवर आली हे ठाऊक असले, की ती कुठे दगा देईल याचाही अंदाज येतो.

एकोणिसाव्या शतकात मोठ्या हौशी बोटींवर पगारी खलाशी असत. घरच्याच माणसांनी बोट हाकत समुद्र ओलांडायचा, हे कप्तान जोशुआ स्लोकम यांनी आधी नाइलाजाने केले. त्यांचे जहाज १८८७च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर रुतून गेले. तिथेच त्यांनी ३५ फुटी 'लिबरदाद' बांधली आणि पत्नी व दोन मुलांना घेऊन १८८८ साली अमेरिका गाठली. पुढे त्यांना अमेरिकेतल्या फेअरहेवनला शेतात पडलेली एक जुनी, कालवे (खाण्याचे शिंपले) काढायची बोट मिळाली. तिची जवळपास प्रत्येक फळी बदलून 'स्प्रे' तयार झाली. तेरा महिन्यांची मेहनत आणि ५५३ डॉलर ६२ सेंटचे साहित्य, असा हिशेब त्यांनी दिला आहे. १८९५ ते १८९८ या काळात ते तीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. जुनी बोट घेऊन दुरुस्तीत मूळ किमतीहून जास्त ओतायचे, ही परंपरा तेव्हापासूनची आहे.

'स्प्रे'चा खरा गुण म्हणजे सुकाणू बांधून ठेवले तरी ती आपली दिशा धरून चाले. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांकडच्या २३ दिवसांच्या टप्प्यात आपण सुकाणूवर सगळे मिळून तीन तासांहून जास्त बसलो नाही, असे स्लोकम लिहितात. पुढच्या टोकापासून मागपर्यंत गेलेला लांब कील (तळाखालचा जड कणा) आणि त्याच्याच शेवटी टांगलेले सुकाणू, यामुळे अशा बोटी सावकाश वळतात आणि सावकाशच भरकटतात. दोघांच्या चमूला हे फार सोयीचे असते.

त्याच सुमारास नॉर्वेत कॉलिन आर्चर यांनी मच्छीमारांच्या बचावासाठी दोन्ही टोकांना निमुळत्या, जड, बळकट बोटी आखल्या. त्यांच्यावरून अमेरिकेत विल्यम अ‍ॅटकिन यांनी ३२ फुटी 'एरिक' हा आराखडा काढला. त्या आराखड्यावरून मुंबईत सागवानात एक बोट बांधली गेली, तीच 'सुहैली'. तीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकटे जगाला वळसा घालून आले. याच घराण्यातली 'वेस्टसेल ३२' सत्तरच्या दशकात फायबरग्लासमध्ये आली. तिचे कितीतरी हल नुसते रिकामे विकले गेले आणि आतले काम मालकांनी घरी केले. त्यामुळे एकाच नावाच्या दोन बोटींत सुतारकाम, वायरिंग, टाक्या सगळेच वेगळे सापडते. अशी बोट नावावर किंवा ख्यातीवर घेऊ नये, पॅनेल उघडून मागची वायर पाहून घ्यावी.

जोडप्याने जग फिरण्याचा नमुना घालून दिला तो एरिक आणि सुझन हिस्कॉक यांनी. १९५२ ते १९५५ या काळात त्यांनी ३० फुटी 'वाँडरर ३' मधून प्रदक्षिणा केली. त्या पिढीच्या बोटींवर फ्रिज नसे आणि स्थान सेक्स्टंटने (सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजून) काढले जाई. बिघडण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

लाकडी बोटीचे आयुष्य मालकाच्या चिकाटीवर असते. जुन्या बोटींचा आजचा मोठा बाजार फायबरग्लासमुळे उभा राहिला. १९५९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कार्ल अल्बर्ग यांची २८ फुटी 'ट्रायटन' आली, किमतीने मध्यमवर्गाच्या आवाक्यात होती, आणि साच्यातून एकामागून एक हल निघू लागले. त्या काळी या मालाचा भरवसा नसल्याने थर भरपूर जाड दिले जात. साठच्या दशकातले हल आजही शाबूत आहेत त्याचे एक कारण हेच.

फायबरग्लास कुजत नाही, पण पाणी शोषते. आतल्या विरघळणाऱ्या द्रव्यांशी ते मिसळले की दाब वाढून तळाला फोड येतात. फोड टोचला की व्हिनेगरसारख्या वासाचे पाणी चिळकांडीने उडते, म्हणून टोचताना चष्मा लावावा. उपाय ठरलेला आहे: जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) सोलणे, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुणे, काही महिने वाळवणे आणि वर इपॉक्सी राळेचे थर. वाळवण्याची घाई केली की फोड परत येतात. मात्र चार-दोन फोडांनी बोट बुडत नाही. भाव पाडायला ते कामाचे असतात.

खरी भीती तळापेक्षा डेकची, म्हणजे वरच्या पृष्ठभागाची. वजन वाचवण्यासाठी डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड भरले जाई, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात शोभेसाठी वर सागाच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या जात. चाळीस फुटी बोटीवर असे स्क्रू हजारांच्या घरात जातात. प्रत्येक स्क्रू वरच्या थरातून आरपार बाल्सात गेलेला. पट्ट्या झिजल्या, स्क्रूवरची लाकडी बुचे उडाली, की डेकची चाळणी होते. प्लास्टिकच्या हातोडीने वीतभर अंतराने ठोकत जावे. टणक 'टक' आला तर बरे, बोदा 'थप' आला तर खाली लगदा आहे असे धरावे. दुरुस्ती म्हणजे साग काढणे, वरचा थर कापणे, कुजका गाभा खरवडून नवा भरणे आणि पुन्हा थर देणे. मजुरीचा आकडा कधी कधी बोटीच्या किमतीच्या अंगावर येतो.

१९६३ची बिल लॅपवर्थ यांची 'कॅल ४०' ही दुसरी कलाटणी. कील आखूड आणि सुकाणू त्यापासून सुटे, मागे एकटे. बोटी वेगवान झाल्या, वळायला चपळ झाल्या, पण बांधलेल्या सुकाणूवर सरळ चालेनाशा झाल्या. पुढे अशा बऱ्याच बोटींत कील बोल्टने जोडला जाऊ लागला आणि त्याचा भार हलमध्ये चिकटवलेल्या जाळीवर पडू लागला. बोट जमिनीला आदळली की कीलच्या मागच्या कडेशी ही जाळी हलपासून सुटू शकते आणि वरून काही दिसत नाही. २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' या बोटीचा कील अटलांटिकमध्ये निखळला आणि चौघे गेले. ही बोट आधी काही वेळा तळाला लागली होती. म्हणून विक्रेत्याला 'बोट कधी घासली का' एवढे विचारून थांबू नये. कीलच्या मागच्या बाजूची फळी उचलून जाळीच्या सांध्यावर केसासारख्या भेगा आहेत का ते बघावे.

स्थैर्याचा प्रश्न १९७९च्या, ब्रिटनजवळच्या फास्टनेट शर्यतीने ऐरणीवर आणला. ३०३ बोटी वादळात सापडल्या, १५ स्पर्धक मरण पावले. रुंद आणि हलक्या बोटी उलटल्यावर तशाच पालथ्या राहू शकतात, यावर नंतर बराच अभ्यास झाला. युरोपात १९९८पासून नव्या बोटींना, त्या कशा समुद्रासाठी आखल्या आहेत हे सांगणारे अ, ब, क, ड असे वर्ग सक्तीचे झाले. त्याआधीच्या बोटीकडे असा वर्ग नसणे हा दोष नव्हे, आणि 'अ' वर्ग असणे हे तिच्या आजच्या प्रकृतीचे प्रशस्तिपत्रकही नव्हे.

आतली मांडणीही काळाप्रमाणे बदलली. सत्तरच्या दशकात कॉकपिट मध्ये सरकला आणि मागे आईबापांची स्वतंत्र केबिन निघाली, मुले पुढे. कुटुंबासाठी ही मांडणी अजूनही उत्तम. पुढे भाड्याच्या बोटींचा धंदा वाढला तशा तीन केबिन आणि दोन शौचालये आली. बंदरात छान, पण कललेल्या बोटीत झोपायला अरुंद, आधार असलेला बाक त्यात सापडत नाही. तिथे कापडी आडोसे स्वतः बसवावे लागतात.

आता यादीकडे. तिच्यातला मोठा भाग माणसांच्या हातांना पर्याय म्हणून आला आहे. १९६०च्या एकट्यांच्या अटलांटिक शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर यांनी विंडव्हेन वापरली. वाऱ्याने पाते कलते, पाते पाण्यातली फळी पिळते, पाण्याचा जोर ती फळी बाजूला ढकलतो आणि दोर सुकाणू ओढतात. वीज शून्य. १९६८च्या सुमारास आलेली 'एरीज' याच तत्त्वावरची. पण मध्य कॉकपिटच्या बऱ्याच बोटींना हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) सुकाणू असते, आणि दोराने ओढणारी व्हेन त्यावर नीट चालत नाही. तिथे स्वतःचे छोटे सुकाणू असलेली व्हेन लागते. मागे डिंगी (छोटी होडी) टांगायची कमान असेल तर कमान आणि व्हेन एकमेकींच्या आड येतात. यादीत दोन्ही असतील तर व्हेन खरोखर वापरली गेली होती का, हे विचारायचेच.

पुढचे शीड गुंडाळणारा फर्लर ऐंशीच्या दशकात घरोघरी पोचला. तो अडकतो तो बहुधा शीड चढवायच्या दोरामुळे. दोर फर्लरच्या माथ्याशी डोलकाठीकडे काही अंशांचा कोन करून जायला हवा. तो समांतर असला की फर्लरभोवती पिळ घेतो, आणि नेमके वादळात शीड आत येत नाही. जोर लावून विंचने (दोर ओढायच्या चक्रीने) ओढले तर डोलकाठीची पुढची तारच तुटू शकते.

नांगरात गणितज्ञ जी. आय. टेलर यांचा १९३३चा नांगरफाळी 'सीक्यूआर' अनेक दशके चालला. एकविसाव्या शतकात खोलगट पात्याचे, लवकर रुतणारे नांगर आले आणि जुन्या बोटीवर सर्वांत आधी बदलावी अशी वस्तू कोणती, तर माझ्या मते हीच. दहा मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. ऐंशी मीटर म्हणजे १८० किलो, ती हाताने ओढणे दोघांना झेपत नाही. मग विजेची विंडलास (साखळी ओढणारे यंत्र) येते, आणि १२ व्होल्टवर ती शंभर अ‍ॅम्पिअरच्या आसपास खाते. केबल बारीक असेल तर मोटर गरम होते आणि दोष मात्र मोटरला लागतो.

वीज आली तशा तिच्या मागण्याही आल्या. फ्रिजला दिवसाला ५०-६० अ‍ॅम्पिअर-तास, विजेच्या ऑटोपायलटला समुद्र खवळला तर १००पर्यंत, शिवाय दिवे, पंखे, रडार. शिशाच्या बॅटरीतून निम्मीच क्षमता वापरावी, नाहीतर आयुष्य घटते. म्हणजे बॅटऱ्यांची ४००ची बँक प्रत्यक्षात २००ची. उष्ण प्रदेशात १०० वॉटचे पॅनेल दिवसाला तीसेक अ‍ॅम्पिअर-तास देते, तेही डोलकाठीची सावली पडली नाही तर. लिथियमने हा हिशेब सुधारला, पण जुन्या वायरिंगवर नुसती अदलाबदल केली की दोन गोष्टी घडतात. लिथियम मिळेल तेवढा प्रवाह ओढते, त्यामुळे इंजिनचा अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) तासन्तास पूर्ण भाराने चालून जळतो. आणि बॅटरीच्या संरक्षक सर्किटने अचानक जोडणी तोडली, की उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड जातात. तापमान पाहणारा बाहेरचा रेग्युलेटर बसवला आहे का, हे आधी पाहावे.

वॉटरमेकर म्हणजे समुद्राचे पाणी ५५ बारच्या दाबाने पडद्यातून ढकलणे. पडद्याचा शत्रू क्लोरीन. बंदरातल्या नळाच्या पाण्याने धुतला आणि मध्ये कोळशाचा फिल्टर नसला, तर पडदा कायमचा जातो. बोट विकायला काढून वर्षभर उभी असेल आणि पडदा औषधी द्रावणात ठेवला नसेल, तर वॉटरमेकर 'आहे' एवढेच. चौघांना पाणी देईल असे धरून चालू नये.

स्थान काढण्याचे काम जीपीएसने सोपे केले. २ मे २००० रोजी नागरी वापरावरची मुद्दाम ठेवलेली चूक काढल्यावर अचूकता काही मीटरवर आली. किनाऱ्यांचे जुने नकाशे मात्र तितके अचूक नाहीत. आपत्तीच्या बीकनचे (संकटसंदेश पाठवणाऱ्या डब्याचे) तर साल बघावेच: १२१.५ मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रहांनी ऐकणे १ फेब्रुवारी २००९पासून बंद झाले, तरी असे डबे कपाटांत सापडतात. ४०६ मेगाहर्ट्झचा असला तरी त्यात देशाचा कोड असतो. मालक बदलला की नोंदणी बदलायची आणि झेंडा बदलला तर कोडही. नाहीतर बचाव केंद्राचा फोन जुन्या मालकाकडे जातो.

न दिसणारा खर्च दोन ठिकाणी दडतो. डोलकाठीच्या स्टेनलेस तारा बाहेरून चकाकतात, पण दाबून बसवलेल्या टोकांत भेगा पडतात. दहाएक वर्षांनी विमा कंपन्या त्या बदलायला सांगतात. या तारा हलला बांधणाऱ्या, डेकमधून खाली जाणाऱ्या पट्ट्या ओलसर, हवा नसलेल्या जागी खड्डे पडून आतून खाल्ल्या जातात. एक तरी काढून पाहावी. तळाच्या झडपा पितळेच्या असतील तर त्यातले जस्त निघून जाते. चाकूने खरवडले आणि पिवळ्याऐवजी गुलाबी दिसले, तर ती झडप बदलायला झाली आहे.

आणि या सगळ्याचे वजन. साखळी, बॅटऱ्या, पॅनेल, कमान, डिंगी, डिझेल, सुटे भाग मिळून टन-दीड टन सहज होते. मालक तळाच्या रंगाची रेषा वर सरकवत जातात, म्हणून दोन रेषा दिसल्या तर अंतर मोजावे. मागे कमान आणि डिंगी असली की बोटीचे ढुंगण बसते, सायलेन्सरचे तोंड पाण्याखाली जाते आणि मागून येणाऱ्या लाटांत पाणी उलटे इंजिनात शिरू शकते. सायलेन्सरच्या नळीची कमान पाण्याच्या रेषेपेक्षा आज किती उंच आहे हे भरलेल्या टाक्यांसह मोजावे. कारखान्याच्या आराखड्यातला आकडा रिकाम्या बोटीचा असतो.