सिझियम क्लोराइडला बीसीसी का म्हणू नये

राज्य मंडळाच्या बारावी रसायनशास्त्रात घन अवस्था (स्फटिकांत अणू कसे रचलेले असतात ते) हा पहिलाच धडा. २०२४ पासून ‘नीट’च्या अभ्यासक्रमातून तो गेला. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बोर्ड आणि ‘नीट’ एकाच तासात उरकायची असते, त्यामुळे काट बसते ती अशाच धड्याला. ही रचना दाखवायला थर्मोकोलचे गोळे करायला आता वेळ कोणाला आहे?

स्फटिकांची फिरवून बघायची चित्रं आधी ब्राउझरमध्ये जावा प्लगइनवर चालत. २०१५ मध्ये क्रोमने त्या प्लगइनचा आधार काढला आणि जमवलेल्या लिंका निकामी झाल्या. मग ‘व्हेस्टा’ हे स्फटिकरचना दाखवणारं सॉफ्टवेअर सोयीचं ठरलं. शिकवण्यासाठी फुकट, इन्स्टॉल करायला नको, झिप उघडली की झालं. सीआयएफ फाइली (त्यांत स्फटिकातल्या अणूंच्या जागा दिलेल्या असतात) नेट असेल तिथे उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायच्या. लाइन गेली तरी लॅपटॉपवर तास होतो.

खरा घोळ शब्दाचा आहे. सिझियम क्लोराइड ‘बीसीसी’ (बॉडी-सेंटर्ड क्युबिक, म्हणजे अंतःकेंद्रित घन) असं गाइडांत सर्रास सापडतं. कोपऱ्यांवर आठ गोळे, मधे एक, म्हणून बीसीसी. दोन वेगळे अणू दाखवणारे भरीव आणि पोकळ गोळे झेरॉक्स नोट्समध्ये सारखेच काळे दिसतात, त्यामुळे चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पण १८४८ मध्ये जी १४ जालकं (लॅटिस, म्हणजे अवकाशात ठरावीक पद्धतीने परत परत येणाऱ्या बिंदूंच्या रचना) मोजली गेली ती अणूंची नव्हेत, बिंदूंची. आणि प्रत्येक बिंदूभोवतीचा परिसर हुबेहूब सारखा हवा. लोखंडात तो सारखा आहे. इथे कोपऱ्यावर सिझियम आणि मधे क्लोरीन, म्हणजे दोन्हींचा परिसर वेगळा; म्हणून जालक साधं घन (सिंपल क्युबिक), आणि एका पेशीत (युनिट सेल, रचनेचा परत परत येणारा ठोकळा) एकच सूत्र-एकक, म्हणजे एक सिझियम आणि एक क्लोरीन.

हा नुसता शब्दच्छल नाही. पेशीची कड ४.१२ अँगस्ट्रॉम धरून घनता काढा: एक एकक घेतलं तर सुमारे ४ ग्रॅम प्रति घन सेंमी येते, जी खरी आहे. बीसीसीच्या सवयीने दोन घेतले की ८. गणित तिथेच बुडतं.

‘व्हेस्टा’त दोन्ही अणूंना एकच रंग द्या आणि लोखंडाची फाइल शेजारी उघडा. चित्र तेच दिसेल. मग क्लोरीनचा रंग बदला. त्यानंतर बाँड काढून बाउंडरीत (किती भाग दाखवायचा त्या सेटिंगमध्ये) तिन्ही अक्षांची कमाल मर्यादा १ ऐवजी ०.९९ करा. शेजारच्या पेशींत मोजायचे गोळे गळतात आणि नऊ गोळ्यांचे दोन उरतात: एक सिझियम, एक क्लोरीन. हेच मिठाच्या फाइलीवर केलं की २७ चे ८ होतात, म्हणजे चार सोडियम आणि चार क्लोरीन.