शेजारच्या खाटेवरचे आबा

मे महिन्यात वडिलांना घेऊन जळगावच्या एका दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवरच्या आबांशी दोन दिवस केळीच्या भावावर गप्पा झाल्या. तिसऱ्या पहाटे ते गेले. डॉक्टर त्यांची छाती दाबत होते, पडदा अर्धाच ओढलेला होता, आणि काहीतरी मोडल्याचा आवाज आला. पुढे कितीतरी रात्री तो आवाज कानातून जाईना.

आपल्या खान्देशात कुणी गेलं की लोक दारावर येतात. ‘काय व्हयनं?’ विचारतात. घरचे तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगतात. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीपर्यंत, घर एकटं पडत नाही. पण मी आबांचा कोण? सिस्टर, वॉर्डबॉय, फरशी पुसणाऱ्या मावशी, यांच्या दारावर कोण येणार?

शरीर मात्र नातं विचारत नाही. असं काही दिसलं की मेंदूतला अमिग्डाला हा छोटा भाग धोक्याचा इशारा देतो. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, छाती धडधडते, तळव्यांना घाम फुटतो. हीच रसायनं त्या क्षणाची आठवण पक्की करतात. वासाचे संदेश तर अमिग्डालापर्यंत फार थेट पोचतात. म्हणून फिनाईलचा वास आला तरी तो वॉर्ड डोळ्यांसमोर उभा राहतो. हा मनाचा कमकुवतपणा नाही.

मला खरा आधार मिळाला तो माहितीचा. सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. तो देताना मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबावी लागते. त्यात बरगड्या मोडू शकतात. हे कळेपर्यंत मी मनात डॉक्टरांना दोष देत होतो. फ्रान्समध्ये 570 नातेवाइकांवर झालेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. सीपीआरच्या वेळी जवळ थांबण्याची मुभा ज्यांना रीतसर दिली गेली, त्यांच्यात तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणं कमी आढळली. त्यांच्याजवळ काय चाललंय ते समजावणारं माणूस होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मात्र लगेच कुणाला बसवून ‘सगळं बोलून टाक’ म्हणू नये. अशा एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढल्याचंही चाचण्यांत दिसलं आहे. दारावर बसलेली माणसं आधी गप्प बसतात, ते बरोबरच आहे. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही दुःस्वप्नं, दचकणं, दवाखान्याची वाट टाळणं सुरू राहिलं तर डॉक्टरांना भेटावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो.

वडिलांना सुट्टी मिळाली त्या दिवशी त्या पहाटेच्या सिस्टर दिसल्या. मी विचारलं, “ताई, आबा गेले त्या दिवशी घरी जाऊन जेवलात का?” त्या स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “रात्री दोनला त्यांनी पाणी मागितलं होतं. मीच पाजलं.” मग पुढचं सांगू लागल्या.