जीन्सची मनःस्थितीनुसार निवड

जीन्सची मनःस्थितीनुसार निवड : जीन्सचा कट, कमरेची उंची, कापडाचे वजन आणि रंगाचा उतार त्या त्या दिवसाच्या मनःस्थितीशी जुळवून निवडण्याची पद्धत. मनाजोगते वस्त्र घालण्याची ओढ फार जुनी आहे. जीन्सच्या बाबतीत ती विशेष लक्ष देण्याजोगी ठरते, कारण येथे वस्त्र बदलत नाही, त्याची घडण तेवढी बदलते. कपाटातल्या तिन्ही जीन्स निळ्या, सुती आणि पाच खिशांच्या असतात. तरी आज हात नेमका एकीकडेच जातो.

या निवडीची उपपत्ती दोन प्रकारे मांडली जाते. पहिल्या, चिन्हवादी मतानुसार प्रत्येक कट हे एक चिन्ह आहे : बेलबॉटम म्हणजे मोकळेपणा, फाटकी जीन्स म्हणजे बंडखोरी. चिन्ह अंगावर चढवले की त्याचा अर्थही मनावर चढतो. दुसऱ्या, स्पर्शवादी मतानुसार कापडाचा दाब, वजन आणि त्याला लागलेले वळण शरीराला जाणवते आणि मनावरचा परिणाम त्या वाटेने होतो. कटांचे संकेत पिढीगणिक पालटतात, कमरेचा दाब मात्र कोणत्याही पिढीला सारखाच जाणवतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे.

नावे व पूर्वपीठिका : ‘जीन’ हा शब्द जेनोआ या इटालियन बंदराच्या फ्रेंच नावावरून आला, याविषयी फारसा वाद नाही. सोळाव्या शतकापासून इंग्रजी कागदपत्रांत ‘जीन फस्टियन’ हे कापड आढळते. फस्टियनमध्ये सामान्यतः लिननचा ताणा (उभा धागा) आणि सुताचा बाणा (आडवा धागा) असे. अठराव्या शतकापर्यंत जीन पूर्णतः सुती झाले होते. ‘डेनिम’ची व्युत्पत्ती इतकी सरळ नाही. फ्रान्समधील नीम शहरच्या ‘सर्ज द नीम’ या कापडावरून हे नाव आले, असे बहुतेक ठिकाणी छापलेले असते. परंतु सर्ज द नीम लोकर व रेशीम यांचे होते, तर डेनिम सुती. पॅरिसच्या वस्त्रसंग्रहालयातील अभ्यासिका पास्कल गोर्गे-बालेस्तेरोस यांनी ही विसंगती पुढे आणली. ‘नीम’ नावाचेच आणखी एक फ्रेंच कापड होते, पण त्यातही लोकरीचा अंश असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस सर्ज द नीम इंग्लंडमध्ये परिचित होते. तेव्हा तेथील विणकरांनी आपल्या देशी सुती कापडाला प्रतिष्ठेसाठी फ्रेंच नाव दिले असावे, असा एक तर्क आहे. नाव उसने आणि कापड स्वतंत्र, हे स्पष्टीकरण उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. ‘डंगरी’ हा तिसरा शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजीत आढळतो. त्याचा उगम मुंबईतील डोंगरीशी आणि तेथील जाड्याभरड्या सुती कापडाशी जोडला जातो.

चित्रकलेतील एक साक्षही येथे नोंदवण्याजोगी आहे. सतराव्या शतकातील उत्तर इटलीतल्या एका अनामिक चित्रकाराला कला-इतिहासकार ‘निळ्या जीन्सचा चित्रकार’ म्हणून ओळखतात. त्याच्या चित्रांतील गरीब माणसांच्या अंगावर निळे जाड कापड आहे, आणि ते फाटले आहे तिथे पांढरे धागे रंगवलेले आहेत. त्या कापडाला आजच्या अर्थाने जीन म्हणावे का, यावर मतभेद संभवतात. पण झिजलेल्या निळ्यातून डोकावणारे पांढरे सूत एका चित्रकाराच्या नजरेत इतक्या आधी भरले होते, ही गोष्ट मोलाची आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जीन आणि डेनिम ही दोन वेगळी कापडे होती. डेनिममध्ये एक धागा रंगीत व दुसरा पांढरा, तर जीनमध्ये दोन्ही धागे एकाच रंगाचे. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मॅसॅचूसेट्समधील ज्या गिरणीला भेट दिली, तेथे दोन्ही विणली जात. यंत्रकारागीर, रंगारी यांसारखे कामकरी डेनिमचे ओव्हरऑल घालत. जरा नेटके दिसायचे असेल तर जीनची विजार वापरली जाई. प्रसंग पाहून कापड निवडण्याची ही रीत मनःस्थितीनुसार निवडीची पूर्वज मानता येईल. पुढे जीन कापड मागे पडले आणि त्याचे नाव डेनिमच्या विजारीला चिकटले.

नेव्हाडा राज्यातील रीनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकून विजारी मजबूत केल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्यासह त्याला २० मे १८७३ रोजी १३९,१२१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यांच्या विजारींचा प्रसिद्ध ‘५०१’ हा क्रमांक सुमारे १८९० पासून दिसतो. लेव्ही स्ट्रॉस कंपनीची जुनी दप्तरे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्याने या क्रमांकामागचे कारण अनुमानाचाच विषय राहिला आहे. स्त्रियांसाठी कंपनीची वेगळी जीन्स १९३४ मध्ये आली. कंपनीच्या विजारींना ‘जीन्स’ हे अधिकृत नाव मिळाले ते मात्र सुमारे १९६० मध्ये, तरुण गिऱ्हाइकांनी ते केव्हाच रूढ केल्यानंतर. कामाचा पोशाख फावल्या वेळेचा झाला तो याच काळात, आणि ‘आज कोणती घालू’ हा प्रश्नही त्यानंतरचाच.

कापडाचे वर्तन : डेनिम हे तिरकस विणीचे कापड आहे. बाण्याचा एक धागा ताण्याच्या तीन धाग्यांखालून जात असल्याने दर्शनी बाजूस निळा ताणा आणि आतून पांढरा बाणा दिसतो. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करून पिवळसर हिरवे द्रावण करतात, त्यात सूत बुडवतात आणि हवेत धरतात. प्राणवायूशी संयोग होताच ते निळे होते. असे अनेकदा करूनही रंग धाग्याच्या गाभ्यात शिरत नाही, बाहेर कडे करून बसतो. त्यामुळे जेथे घर्षण होते तेथे निळा थर झडतो आणि पांढरा गाभा उघडा पडतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बेयर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निळीचे संश्लेषण केले व १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली. तिचा हा उथळपणाही नैसर्गिक निळीसारखाच होता, आणि जीन्सचे सारे आकर्षण या उथळपणात आहे. बसण्याची ढब, गुडघ्याची घडी, खिशातल्या वस्तूची कड यांची नोंद कापड ठेवत जाते. जुनी जीन्स ‘आपली’ वाटते याला असा भौतिक आधार आहे. मन थाऱ्यावर नसताना लोक नवी जीन्स टाळून जुनीकडे वळतात, त्यामागेही बहुधा हेच असावे.

डेनिमचे वजन दर चौरस यार्डाला औंसांत मोजतात. ढोबळमानाने १२ औंसांच्या आतले हलके व १४ च्या वरचे जड समजले जाते. जड कापड सुरुवातीला पायांना अडवते आणि चाल संथ करते. १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी अमेरिकेत स्पँडेक्स हा ताणला जाणारा तंतू तयार केला. त्याचा थोडासा अंश डेनिममध्ये आल्यावर कापड अंगाला वळण घेण्याऐवजी अंगाबरोबर ताणले जाऊ लागले. सोय वाढली, मात्र अशा कापडावर वापराच्या खुणा तितक्या स्पष्ट उमटत नाहीत.

मानसशास्त्रीय आधार : ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ कॅरन पाइन यांनी २०१२ मध्ये १०० स्त्रियांना मनःस्थिती आणि कपडे यांविषयी विचारले. खिन्न असताना जीन्स घालू असे निम्म्याहून अधिक जणींनी सांगितले. आनंदात असताना घालू म्हणणाऱ्या सुमारे एकतृतीयांश होत्या. यावरून ‘उदास दिवशी जीन्स टाळा’ असा सल्ला निघाला आणि फार पसरला. तो घाईचा आहे. हे स्त्रियांनी सांगितलेले उत्तर आहे, पाहिलेले वर्तन नव्हे. शिवाय जीन्समुळे खिन्नता येते असे त्यातून निघत नाही. याउलट समाजशास्त्रज्ञ सोफी वुडवर्ड यांनी स्त्रियांच्या कपाटांचा प्रत्यक्ष अभ्यास केला, तेव्हा काय घालावे या चिंतेत अडकलेली स्त्री शेवटी जीन्सचा आधार घेते, असे चित्र दिसले. मानवशास्त्रज्ञ डॅनियल मिलर यांच्यासह उत्तर लंडनमध्ये केलेल्या पुढील अभ्यासात त्यांनी म्हटले की जीन्सचे सामर्थ्य तिच्या सामान्यपणात आहे : तिच्यात माणूस उठून दिसत नाही आणि विजोडही दिसत नाही. खिन्न मनाला लपायला जागा हवी असते आणि जीन्स ती देते. तो तिचा दोष मानण्याचे कारण नाही.

हायो अ‍ॅडम व अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांनी २०१२ मध्येच असा प्रयोग प्रसिद्ध केला की ‘डॉक्टरचा’ म्हणून दिलेला पांढरा कोट घातल्यावर लक्ष अधिक टिकते आणि तोच कोट ‘चित्रकाराचा’ म्हटल्यास तसे होत नाही. चिन्हवादी मताचा हा मुख्य आधार. त्यांच्या पहिल्या प्रयोगाची पुनरावृत्ती २०१९ मध्ये फसली. नंतरच्या एकत्रित विश्लेषणाने मूळ कल्पनेला काहीसा दुजोरा दिला, पण ते मूळ संशोधकांच्या सहभागाने झालेले आहे. कोटावरचे निष्कर्ष जीन्सला लावताना म्हणून सावध राहणे इष्ट.

स्पर्शवादी मताची सर्वांत बोलकी मांडणी इटालियन लेखक उम्बेर्तो एको यांनी १९७० च्या दशकात केली. घट्ट जीन्स घालून हिंडताना त्यांचे सारे लक्ष कमरेशी आणि आपल्या बाह्य रूपाशी खिळून राहिले. सैल झगा घालणाऱ्या भिक्षूला अंतर्मुख होता येते, कारण त्याला अंगावरच्या वस्त्राचा विसर पडू शकतो, असे त्यांचे निरीक्षण होते. प्रयोगशाळेतला पुरावा नसला तरी कोणत्याही वाचकाला ते स्वतःवर पडताळून पाहता येते.

कटांची निवड : स्किनी कट शरीराची जाणीव सतत जागी ठेवतो. धीटपणे लोकांसमोर जायचे असेल तर ती उपयोगी पडते. चिंतेच्या किंवा दीर्घ बैठकीच्या दिवशी तीच जाचते. फार घट्ट जीन्समुळे मांडीच्या बाहेरील बाजूस मुंग्या येण्याचा विकार वैद्यकात नोंदलेला आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातून नोंदल्या गेलेल्या एका रुग्णेला स्किनी जीन्समध्ये तासन्‌तास उकिडवे बसल्याने पोटऱ्यांवर इतकी सूज आली की जीन्स कापून काढावी लागली. उंच कमरेचा कट पोटाला आधार देतो व पाठ ताठ ठेवायला लावतो; उमेद गोळा करायची असेल त्या दिवशी अनेकांना तो आवडतो, पोटात गोळा आलेला असताना मात्र नको. लो-वेस्ट जीन्स बसता-उठताना सावरावी लागते, म्हणून ती निवांत मनाचीच. बॉयफ्रेंड, बॅगी आणि मॉम या कटांत कापड अंगापासून सुटते आणि थकलेल्या मनाला ते मानवते. बेलबॉटमचा घेर मूळचा नाविकांच्या पोशाखातला. घोट्याशी झुलणारे कापड चालीला लय देते. स्ट्रेट कट यांच्या मधला. मन कोणत्या दिशेचे हेच कळत नसेल तेव्हा तोच निवडला जातो.

जीर्ण रूप : वापरून आलेला उतार आणि कारखान्यात आणलेला उतार यांत फरक करावा लागतो. दगडधुलाई (स्टोनवॉश) १९७० च्या दशकात रूढ झाली. तिच्या जनकत्वाचा मान फ्रेंच व जपानी अशा दोन्ही बाजूंना दिला जातो. प्यूमिस या सच्छिद्र दगडांबरोबर, पुढे विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने, कापड आधीच मऊ करून मिळू लागले. नव्या कापडाचा ताठरपणा नकोसा वाटणाऱ्या मनाला ही मोठीच सोय आहे. वाळूचा मारा करून आणलेल्या फिक्या पट्ट्यांची किंमत मात्र कामगारांनी फुप्फुसांनी मोजली. तुर्कस्तानात तरुण कामगारांना सिलिकोसिस हा धुळीने होणारा फुप्फुसविकार जडल्याचे उघड झाल्यावर २००९ मध्ये तेथे ही पद्धत बंद करण्यात आली. फिकी जीन्स उल्हासाची मानतात. तो उल्हास कसा तयार झाला, हे निवडणाऱ्याने विचारावे.

काळी जीन्स वेगळ्या वर्गात मोडते. तिला सहसा गंधकी रंग देतात. तो निळीपेक्षा धाग्यात खोल शिरतो आणि झिजल्यावर पांढरा न होता राखी होतो. तिच्यावर अंगाच्या खुणा निळ्या जीन्सइतक्या ठळक उमटत नाहीत, आणि आपल्याविषयी काहीच दिसू नये असे वाटणाऱ्या दिवशी ती बरी वाटते.