वोलोस्त न्यायालय: भूदासमुक्तीनंतर रशियन शेतकऱ्यांचा वेगळा न्याय

19 फेब्रुवारी 1861 च्या (रशियाच्या जुन्या पंचांगानुसार) कायद्यांनी जमीनदारांचे दोन कोटींहून अधिक भूदास मुक्त झाले आणि सरकारपुढे एक व्यावहारिक पेच उभा राहिला. करवसुली, भांडणतंटे, शिक्षा हे सगळं तोवर जमीनदार बघत होता. खेडोपाडी नेमायला सरकारजवळ ना माणसं होती ना पैसा. म्हणून हे काम शेतकऱ्यांच्याच गळ्यात घातलं. नमुना हाताशी होताच. सरकारी जमिनीवरच्या शेतकऱ्यांसाठी मंत्री किसेल्योव्ह यांनी अशी रचना आधीच बसवली होती.

खाली गावसभा, म्हणजे स्खोद. तिच्यात कुटुंबप्रमुख बसत आणि तीन वर्षांसाठी स्तारोस्ता, म्हणजे गावप्रमुख, निवडत. जमिनीची फेरवाटणी किंवा कुणाला गावाबाहेर काढणं यासाठी दोन-तृतीयांश मतं लागत. वर वोलोस्त, म्हणजे गावांचा गट: साधारण 300 ते 2000 पुरुष, केंद्रापासून कुठलंही गाव शक्यतो 12 व्हर्स्टांच्या (सुमारे 13 किलोमीटर) आत. तिचा प्रमुख स्तार्शिना.

न्यायालय याच पातळीवर होतं. दरवर्षी 4 ते 12 न्यायाधीश निवडायचे, किमान तिघांनी बसायचं, निदान पंधरवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी. 100 रूबलपर्यंतचे दावे आणि किरकोळ गुन्हे त्यांच्या कक्षेत. शिक्षा सहा दिवस सार्वजनिक काम, तीन रूबल दंड, सात दिवस अटक किंवा वेताचे वीस फटके यांपलीकडे नाही. बायकांना फटक्यांतून 1863 मध्ये वगळलं. निकाल स्थानिक रूढीनुसार द्यायचा. आता ही रूढी कुठेच लिहिलेली नव्हती, त्यामुळे वारसा आणि घरवाटण्यांच्या खटल्यांत ती पक्षकारांच्या वजनाप्रमाणे वाकायची.

स्तार्शिनाने खटल्यात ढवळाढवळ करू नये, असं कायदा स्पष्ट सांगत होता. पण न्यायाधीश बहुधा निरक्षर, आणि पांढऱ्यावर काळं करणारा एकटा पिसार, म्हणजे लेखनिक. निकाल त्याच्या लेखणीतून उतरायचा. या न्यायालयांची पाहणी करायला 1872 मध्ये नेमलेल्या ल्युबोश्चिन्स्की आयोगाने प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या. वोद्का पाजून निकाल फिरवल्याच्या तक्रारी त्यांत वारंवार येतात. न्यायाधीशपद टाळण्याकडेच अनेकांचा कल असे, कारण घरचं काम बुडायचं.

खरा दोष मात्र रचनेतच होता. करासाठी अख्खं गाव सामूहिकरीत्या जबाबदार होतं (ही अट 1903 पासून टप्प्याटप्प्याने सुटली), आणि सोडवणुकीचे, म्हणजे मिळालेल्या जमिनीच्या किमतीपोटी सरकारला फेडायचे, हप्ते 49 वर्षांचे. थकबाकी राहिली की स्तारोस्ता आणि स्तार्शिना यांनाच दंड-अटक व्हायची. मग थकबाकीदार वोलोस्त न्यायालयापुढे उभा राहून फटके खायचा. स्वराज्य म्हणून दिलेली ही यंत्रणा आधी वसुलीची होती. 1864 च्या न्यायसुधारणेनेही तिला हात लावला नाही. तोच शेतकरी जिल्ह्याच्या न्यायालयात ज्युरीवर बसून खुनाचा निवाडा करू शके, आणि गावी परतल्यावर त्याच्याच पाठीवर वेत पडू शके.

1889 मध्ये सरकारने लगाम आवळला. बहुतेक उमरावांतून नेमलेला झेम्स्की नाचाल्निक, म्हणजे शेतकऱ्यांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, आला. गावांनी उमेदवार निवडायचे आणि त्यांतून न्यायाधीश त्याने ठरवायचे. दाव्यांची मर्यादा 300 रूबल झाली, अपिलाची सोय झाली. वेताची शिक्षा 1904 मध्ये रद्द झाली. 1912 च्या कायद्याने नाचाल्निकाचे न्यायाधिकार काढले, वोलोस्त न्यायालय राहिलं; त्याचा शेवट 1917 च्या क्रांतीत झाला.