डोनाल्ड डक दिसला म्हणून बिल्ला डिस्नेचा ठरत नाही
(जुने लष्करी बिल्ले, म्हणजे गणवेशावर शिवायची कापडी किंवा चामडी चिन्हं, घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी तुकड्या आपल्यासाठी बोधचिन्ह काढून द्यावं म्हणून वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओकडे विनंती करत. हँक पोर्टर आणि त्याच्यासोबतच्या मोजक्या चित्रकारांनी अशी सुमारे १,२०० चिन्हं काढली, तीही फुकट. सर्वाधिक मागणी तापट डोनाल्ड डकला. दोनशेहून अधिक चिन्हांत तो आहे. मिकी त्या मानाने कमी. बॉम्बफेकी विमानावर त्याचा गोड चेहरा शोभणार तरी कसा?

स्टुडिओकडून यायचं ते चित्र. बिल्ले तुकडी जमेल तिथून करवून घ्यायची. म्हणून एकाच चिन्हाचे चामड्यावर रंगवलेले, यंत्रावर भरलेले आणि हाताने भरलेले असे वेगवेगळे नमुने मिळतात. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या तुकड्यांनी भारतीय कारागिरांकडून जरीकामाचे बिल्लेही करून घेतले. त्यातले दोन हुबेहूब सारखे नसतात, त्यामुळे थोडा वाकडा टाका दिसला की नकली म्हणू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ श्रेयाचा. ‘फ्लाइंग टायगर्स’ या चीनसाठी लढलेल्या अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांच्या तुकडीचा व्ही अक्षरातून झेपावणारा पंखवाला वाघ डिस्नेचा आहे. त्याच तुकडीच्या विमानांच्या नाकावरचे शार्कचे दात मात्र डिस्नेचे नाहीत. ते ब्रिटिश हवाई दलाच्या ११२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या विमानांवरून उचललेले. नौदलाच्या बांधकाम दलाची, म्हणजे ‘सीबीज’ची, मधमाशी फ्रँक इयाफ्रेटने काढली, डिस्नेने नव्हे. तरी ती ‘डिस्ने’ म्हणून विकायला येतेच. कागदोपत्री आधार असेल तरच आम्ही चिठ्ठीवर डिस्नेचं नाव लिहितो. किंमत त्यामुळे उतरली तरी चालेल.

घरी तपासायचं तर आधी मागची बाजू आणि कड बघा. जाड, गोलसर विणलेली कड बहुधा १९६० च्या दशकानंतरची. अतिनील दिव्याखाली पांढरा दोरा निळसर झळकला तर बिल्ला नवा असल्याचा संशय घ्या, पण लगेच निकाल देऊ नका. जुना बिल्ला पुढे आधुनिक साबणाने धुतला असेल तरी तो झळकतो.

तुकडी हवाई दलाची असेल तर तिचा माग अमेरिकेत अलाबामातल्या मॅक्सवेल हवाई तळावरच्या संग्रहात लागू शकतो. सैनिकाच्या नावावरून शोधायला निघाल तर एक लक्षात घ्या: १९७३ मध्ये सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि त्या काळच्या अमेरिकी भूदलाच्या बहुसंख्य वैयक्तिक फायली जळाल्या. महायुद्धाच्या वेळी हवाई दलही भूदलाचाच भाग होतं. म्हणून बिल्ल्यासोबत पत्र, फोटो, जाकीट, काहीही मिळालं तर वेगळं काढू नका, वेगळं विकू तर अजिबात नका.

बिल्ला धुऊ नये, इस्त्री करू नये, डिंकाने चिकटवू नये. आम्लरहित कागदात सपाट ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. डांबरगोळी बिल्ल्याला टेकू देऊ नका. बिल्ला आमच्याकडून घेतलेला नसला तरी दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा, पाहून सांगू. पाहण्याचे पैसे नाहीत.